घाटाखालचा फोड

हडपसर सोडलं आणि पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं. सगळे खूश झाले, पण पायाला हे वाईट. भिजलेली चामडी चप्पल उन्हात वाळताना आखडते, पट्टा घासायला लागतो, आणि पाण्यानं मऊ पडलेली कातडी तेवढ्यानंच सुटते. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सर्वांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर. त्यात एकादशी आणि शेवटी दिवे घाट. वडकीनाल्याला पोचेपर्यंत उजव्या चवड्याखाली रुपयाएवढा फोड टरारला होता.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाटप चाललेलं. केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी. हात भरलेला असला तरी चौथं केळं कोंबायचं, एकानं द्यायचं, दुसऱ्यानं मोबाइल धरायचा. नको म्हटलं की चेहरा पडतो. ओळ तुटते, चाल बिघडते, पुढं टाळकरी एकीकडं आणि मागं आम्ही भलतीकडं. परोपकार माणसाच्या रक्तातच असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पाण्याच्या टँकरपाशी पाच मिनिटं उभं राहावं. तिथंही सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात, कोपर मारून.

टँकरच्या पलीकडं ताडपत्रीखाली एक गृहस्थ वारकऱ्यांचे पाय बघत बसले होते. “बसा माउली. पाय द्या.” वयानं मोठ्या माणसाच्या मांडीवर चिखलाचा पाय ठेवायचा जीव होईना. त्यांनीच टाच धरून ओढला.

पहिला प्रश्न, “साखर आहे का?” मधुमेह असेल तर ते सुई लावत नाहीत, थेट रुग्णवाहिकेकडं धाडतात, अशा पायाला दुखणं कळत नाही आणि जखम चिघळते. नाही म्हटल्यावर साबणानं पाय धुतला, कोरडा केला. सुई नवी, वर स्पिरिट. फोडाच्या मध्यावर नाही, कडेला, खालच्या अंगाला दोन भोकं. मग गॉजनं हळूहळू दाबत पाणी काढलं. वरची कातडी तशीच ठेवली, ती सोलली की खालचं लाल मांस उघडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी चालणं संपतं. बेटाडीन, कोरडा गॉज, चिकटपट्टी. पट्टी बोटांवरून गुंडाळली नाही, कारण तिचाच वळ पडून नवा फोड येतो. छोटा, न दुखणारा फोड असेल तर फोडूच नका म्हणाले. लाली वर चढू लागली, पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टर गाठायचा.

शेजारची बाई म्हणाली, “दोरा ओवून ठेवा की आत, पाणी झिरपत राहतं.”

“पाणी बाहेर येतं तसा चिखल आतही जातो,” ते खेकसले. रांगेत घुसणाऱ्या एका पोराला तर उठून जायची धमकीच दिली. माझं नाव, गाव काही विचारलं नाही. तोंडाकडंही नीट पाहिलं नसावं. कसं जमतं हो, असं विचारल्यावर पुढच्याचा पाय ओढत म्हणाले, “पहिल्या वर्षी ओकारी आली. आता नाही येत.”

घाट चढलो, भजन जोरात होतं. सासवड, जेजुरीचा भंडारा, वाल्हे, नीरास्नान, लोणंद. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, घोडा डोळ्यांसमोरून गेला आणि आपण का रडतोय तेच कळेना. रात्री तरडगावला, राहुटीत कुणाचा तरी टॉवेल माझ्या अंथरुणावर ओला पडलेला, त्यावरून मी भांडलो.

त्याच रात्री दिंडीतल्या आजींच्या टाचेला फोड आला. साखर नव्हती. सुई, स्पिरिट, गॉज माझ्या पिशवीत होतं. वडकीहून निघताना मागून घेतलेलं. पायाला चिखलाचा, घामाचा, कुजक्या चप्पलचा वास. कडेला दोन भोकं पाडली, दाबलं.

“हळू रे,” आजी म्हणाल्या, “आणि तोंड वाकडं करू नको.”