कठड्यावरचे प्रेक्षक

नगरपालिकेच्या बागेला कठडा असतो तो आतली झाडं आणि बाहेरची गुरं यांची गाठ पडू नये म्हणून. आमच्या पेठेतल्या बागेचा कठडा ज्या कुणी बांधला, त्यानं त्याची उंची नेमकी बसण्याजोगी ठेवली आणि तिथून पुढे सगळं बिघडलं. बागेत काहीही असो, उन्हाळी शिबिर असो, योगासनं असोत, दिवाळीतलं गाणं असो, निम्मी माणसं आत आणि निम्मी कठड्यावर. आतल्यांपेक्षा कठड्यावरच्यांना कार्यक्रम जास्त कळतो असं माझं ठाम मत आहे. मी अर्थातच कठड्यावरचा.

नाट्यगृहात तिकीट काढून बसलं की माणूस अडकतो. मधल्या खुर्चीतून उठायचं तर आठ जणांचे गुडघे ओलांडावे लागतात आणि स्टेजवरचा गायक आपल्याकडे बघतोय असं उगीच वाटत राहतं. कठड्यावर तसलं काही नाही. हातात कोथिंबिरीची जुडी असली तरी चालते. दोन गाणी ऐकून घरी जाऊन गॅस बंद करून परत येता येतं. आवडलं तर थांबायचं, नाही आवडलं तर ‘आलोच’ म्हणून निघायचं, आणि हे ‘आलोच’ कुणाला उद्देशून आहे ते कुणी विचारत नाही. मोकळ्या जागेतल्या कार्यक्रमाला अर्धवट हजर राहता येतं, ही त्याची खरी खुबी. निमंत्रणपत्रिकेवर मात्र ती कधी छापलेली नसते.

त्यात साताऱ्याची ठेवणही अशी की इथे बसल्याजागी पुष्कळ ऐकू येतं. गाव अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर पसरलेलं. खाली मैदानावर कुणी ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हटलं की वरच्या पेठांतल्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आपोआप येऊन बसतात. भाषण राजवाड्यासमोरच्या गांधी मैदानावर चालू असतं आणि त्यावरचं मतप्रदर्शन चढावरच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात. गांधी मैदानाचं तर काय सांगावं! संध्याकाळी तिथे चौपाटी भरते. सभेला आलेला माणूस भेळ खातो की भेळ खायला आलेला माणूस सभा ऐकतो, हे वक्त्यालाही शेवटपर्यंत कळत नाही.

बागेतला वर्षाचा पहिला मोठा कार्यक्रम म्हणजे एप्रिल-मेमधलं शिबिर. परीक्षा संपल्या रे संपल्या की घराघरांतून मुलं बाहेर ढकलली जातात. झुंबा, चित्रकला, कराटे असं सगळं असतं, पण कठड्याला ओढ मल्लखांबाची. पेशवाईच्या अखेरीला बाळंभटदादा देवधरांनी या विद्येत पुन्हा जीव ओतला असं सांगतात. आमच्याकडे ती हाफ पँट घातलेल्या एका उत्साही सरांच्या हाती आहे. लाकडाला एरंडेल चोपडलेलं, त्याला मिठी मारून एखादा सात वर्षांचा गोळा वर सरकत असतो, आणि त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर कठड्यावरच्या त्याच्या आईचे खांदे वर जात असतात. ‘पाय ताठ! अरे, पाय ताठ कर की!’ सर एकदा म्हणाले, “ताई, तुम्ही आत येऊन शिकवता का?” ताई दोन मिनिटं गप्प. मग पुन्हा, “गुडघा बघ गुडघा!”

या शिबिरांत मुलं किती शिकतात ठाऊक नाही, आजोबा मात्र पुष्कळ शिकतात. मे अखेरीस आमच्या कठड्यावरचा कुठलाही निवृत्त माणूस सूर्यनमस्कारातली चूक वीस फुटांवरून दाखवू शकतो. स्वतः घालायचा प्रश्नच येत नाही.

जूनमध्ये योगदिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २१ जूनला ठरवला आणि २०१५पासून जगभर तो होतो, पण ठरवताना साताऱ्याचा पाऊस कुणी लक्षात घेतलेला दिसत नाही. शवासनापर्यंत यायचं आणि तोंडावर सर यायची. एवढं सोडलं तर त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

हास्य क्लबचं तसं नाही, तो बारमाही. डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत १३ मार्च १९९५ला पाच जणांना घेऊन तो सुरू केला. मला त्यातला पुढचा भाग आवडतो. सुरुवातीला ही मंडळी एकमेकांना विनोद सांगून हसायची. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं, आणि ते जमलं. खोटं हसू आणि खरं हसू यांतला फरक शरीराला कळत नाही, असं या मंडळींचं म्हणणं आहे. आमच्या बागेत दोन्ही प्रकार एकाच वेळी बघायला मिळतात. आत गोल करून उभे राहिलेले वीसेक जण हात वर करून ठरल्याप्रमाणे हा-हा-हा करतात, आणि कठड्यावरची दूध आणायला निघालेली माणसं त्यांना बघून मनापासून हसतात. वर्गणी मात्र फक्त आतल्यांकडून घेतात.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक दिवस असा येतो की त्या दिवशी कठडा हाच कार्यक्रम होतो. सातारा हिल मॅरेथॉन, २०१२पासूनची. एकवीस किलोमीटर, गावातून यवतेश्वरच्या घाटात चढायचं आणि उतरून परत यायचं. देशभरातून लोक येतात. चांगली सपाट गावं सोडून इथे घाट पळत चढायला का येतात, हे मी एकाला विचारलंही होतं. त्याला उत्तर द्यायला दम नव्हता. त्या दिवशी सगळा गाव रस्त्याच्या कडेला उभा असतो. ढोल असतात, शाळेची लेझीम पथकं असतात, पेपरमिंट आणि संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या राहिलेल्या मावशी असतात. आणि एक वाक्य असतं, जे सातारकर त्या सकाळी न लाजता हजारो वेळा बोलतात: “आलं, आलं! थोडंच राहिलंय!” समोरचा जेमतेम समर्थ मंदिरापर्यंत पोचलेला असतो, अख्खा घाट डोक्यावर असतो, तरीही थोडंच राहिलंय. तो बिचारा हात हलवून धन्यवाद देतो. पळणाऱ्यांना नोंदणी असते, छातीवर नंबर असतो, शेवटी पदक असतं. ओरडणाऱ्यांना यांतलं काही नाही, पण ते नसतील तर ती शर्यत निव्वळ दमछाक होईल. वरच्या वळणांवर धुकं असतं आणि प्रेक्षक विरळ. तिथून येणाऱ्यांचे चेहरे पाहिले की पटतं.

याच दिवसांत त्याच रस्त्यानं पुढे कासला फुलं येतात. तिथे अर्धवट हजेरी चालत नाही, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. कठडा संप्रदायातला असूनही मला ते मान्य आहे. सीतेच्या आसवांएवढ्या निळ्या फुलांच्या मधोमध बसून फोटो काढणाऱ्यांना दुसरं काय करणार? पठाराला २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि सगळं जग एकाच रविवारी तिथे आलं. नोंदणी तिथे हवीच. माझं म्हणणं गावातल्या बागेपुरतं आहे.

कारण आता ती इथेही येऊ घातली आहे. मागच्या दिवाळी पहाटेला फाटकापाशी एक तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात चौकोनी ठिपक्यांचा कागद. “काका, एवढं स्कॅन करा आणि नाव टाका, म्हणजे झालं.” मी म्हटलं, “बाळा, मी आत येत नाहीये, इथंच बसतोय.” तो जरा गोंधळला. त्याच्या मोबाईलमध्ये ‘आत’ होतं, ‘इथंच’ नव्हतं. त्याचीही बाजू आहे, ती मला दिसते. खुर्च्या किती मागवायच्या, चहा किती टाकायचा, पुढच्या वर्षी प्रायोजकाकडे गेल्यावर किती माणसं आली म्हणून सांगायचं? आकडा लागतो. पण ज्यांना आधी ठरवायला सांगितलं तर कधीच येणार नाहीत, अशी माणसं गावात निम्म्याहून अधिक असतात. ‘मला काय त्यातलं कळतंय’ म्हणणाऱ्या आज्जी. पेपरची लाईन टाकून परत निघालेला मुलगा. फाटकाशी फुटाणे विकणाऱ्या मावशी तर नोंदणी कशाला करतील? पण बागेतलं एकही गाणं त्यांच्या कानांवरून गेलं नाही असं झालेलं नाही, आणि कुठला गायक चांगला ते त्या सांगतात तेव्हा आयोजकांनी ऐकून घ्यावं. त्यांची कसोटी साधी आहे: गाणं रंगलं की फुटाणे खपत नाहीत.

दिवाळी पहाट हा कठड्याचा सर्वोच्च सण. ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असल्यामुळे आमची पहाट कायद्यानुसार सहाला उगवते. तोवर साडेपाचपासून माणसं येऊन बसतात. अभ्यंगस्नान करून ओल्या केसांवर कानटोपी, अंगाला उटण्याचा वास, स्वेटरच्या खिशात चिवडा. पुढच्या रांगेत पाहुण्यांसाठी ठेवलेले सोफे असतात आणि ते बराच वेळ रिकामे असतात. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. त्याच्या मागे सतरंजी. आणि त्याच्याही मागे, दवानं ओल्या झालेल्या दगडावर वर्तमानपत्र घालून, आम्ही.

एरवी मैफली संध्याकाळच्या. त्यामुळे यमन, पूरिया, बागेश्री यांचं बरं चालतं. सकाळच्या रागांचे मात्र हाल. ललत, भटियार, अहिरभैरव हे समोर बसून ऐकायचे तर सामान्य माणसाला वर्षातून ही एकच सकाळ. ललत चालू असताना अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर उजेड येतो. गायकाची त्याच्याकडे पाठ असते, सोफ्यांना मंडपाची कनात आडवी येते. पूर्ण किल्ला फक्त कठड्यावरून दिसतो. हे मी आजवर आयोजकांना सांगितलेलं नाही, नाहीतर ते सोफे इकडे आणतील.

मग सत्कार सुरू होतात. शाल, श्रीफळ, ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’. हा वेळ कठड्यावर वाया जात नाही. शेजारच्या गल्लीतल्या मुलांनी केलेले किल्ले याच वेळात बघून येतात. मातीत अळीव पेरून हिरवळ आणलेली, पायथ्याशी प्लास्टिकचा वाघ आणि त्याच्यापेक्षा लहान हत्ती. आमच्याकडची निम्मी मुलं अजिंक्यताराच करतात. कारण उघड आहे, मान वर केली की नमुना समोर. एकानं तर वरचा टीव्हीचा मनोराही केला होता. महाराजांच्या काळात तो नव्हता, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, “आत्ता आहे की ओ.” परत येईपर्यंत सत्कार आटोपलेले असतात आणि भैरवीच्या आधीचं नाट्यगीत चालू झालेलं असतं.

हिवाळ्यात कार्तिकात बायका डबे घेऊन आवळीखाली जेवायला येतात. त्याकडे कठड्यावरून बघत बसणं बरं दिसत नाही, म्हणून ते सोडून देऊ. जानेवारीत पुस्तकांचे दिवस. अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे १९०५, १९६२ आणि १९९३ला झालं होतं, आणि २०२६च्या जानेवारीत नव्याण्णवावं संमेलन शाहू स्टेडियमवर भरलं. माझ्यासारख्यांचं संमेलन सगळं कडेनं झालं. परिसंवाद आत, आम्ही पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडत कानानं आत. वक्त्यानं चांगला मुद्दा मांडला की पुस्तक चाळणारे हात थांबत होते. फुटाण्यांची कसोटी तिथेही लागू पडली.

हादग्याचं सांगायचं राहिलंच. सूर्य हस्तात गेला की, सप्टेंबर सरताना, आमच्या बागेत संध्याकाळी पाटावर हत्ती काढतात. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात, म्हणोत. पूर्वी हा दारादारांतून व्हायचा. वाडे गेले, फ्लॅट आले, पार्किंगमध्ये फेर धरता येईना, म्हणून पेठेतल्या बायकांनी तो बागेत आणला. यात पुढाकार माझ्या बायकोचा. गाणी अर्ध्या जणींना अर्धीच येतात, म्हणून मोबाईलवर बघून म्हणतात. सगळ्यांत जोरदार आवाज असतो तो फेरात नसलेल्या आज्जींचा. गुडघ्यांमुळे त्या कठड्यावर, आमच्या शेजारी. एखादं कडवं चुकलं की तिथूनच दुरुस्ती जाते.

शेवटी खिरापत. डबा झाकलेला, हलवून दाखवायचा, काय आहे ते ओळखायचं. पहिल्या वर्षी यावरून वाद झाला. फेर धरणाऱ्यांपुरती खिरापत करून आणलेली आणि कठड्यावर चाळीस माणसं.

“त्यांना कशाला? ते काय नाचलेत?” एक मुलगी म्हणाली.

“पण ऐकलं की त्यांनी,” फुटाणेवाल्या मावशी मध्ये पडल्या.

समितीनं तिथल्या तिथे ठराव केला: कठड्यावरच्यांनी ओळखलं तर मिळेल. तेव्हापासून ती प्रथा झाली आहे. आता आम्ही आधीपासून घरातल्या वासावर लक्ष ठेवून असतो, आणि बायकोनं माझ्यापुरता वेगळा नियम काढलाय: “अहो, ज्यांच्या घरी केलीय त्यांनी बोलायचं नाही.” त्यामुळे परवा शेजारच्या निवृत्त तलाठी काकांना मी नुसत्या खुणा करत होतो. ते म्हणाले, “वाटली डाळ!” नाही. “सुकी भेळ?” नाही. “मग करंजी!” मुली खिदळल्या. मी चिमटीनं बारीक दाणे दाखवले. काका म्हणाले, “मीठ?”