डोळे तर तेच!

आज मंडईत मेथीची जुडी निवडत होते. भाजीवाल्या मावशी सुट्टे देता देता थांबल्या. "पोरी, अगदी स्मिता पाटील दिसतेस गं. डोळे तर तेच!"

काय बोलावं सुचेना. सावळ्या रंगावरून लहानपणी किती ऐकलंय! दर रविवारी डाळीचं पीठ, हळद, साय चोळून बसवायचे मला. आणि ती त्याच रंगाची. दूरदर्शनवर मराठी बातम्या देता देता सिनेमात आली, दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ ला पद्मश्री. १९८६ च्या डिसेंबरात गेली, अवघी ३१ वर्षांची. मी आज ३४ ची. गलबलून आलं.

मावशींनी कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकल्या, ओल्या हातानंच माझी हनुवटी धरली.

घरी येऊन आईला फोन केला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला केव्हापासून दिसायचं."