आधीच्या ओळींचं काय करायचं?

गेल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने लिहिलं, "अगं, २०२० मध्ये तुम्ही कॉम्प्युटरवाल्यांनी 'मास्टर-स्लेव्ह' हे शब्द बदललेत, आता अमेरिकेच्या सरकारने लिंगाच्या रकान्यातले बदलले. फिटंफाट झाली. त्यात एवढं दुखायचं काय?" फोनवर एवढं टाइप करणं मला जमेना, म्हणून इथे लिहिते आहे.

मी डेटाबेसचं काम करते. सतरा वर्षं झाली, त्यातली अकरा न्यू जर्सीत. रकान्याचं नाव बदलायचं असो की यादीतला एखादा पर्याय काढायचा असो, आमच्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. आधीच्या ओळींचं काय करायचं? ओळ म्हणजे एकेकाची आधीच भरलेली नोंद. नवा फॉर्म दहा मिनिटांत तयार होतो. आधीच्या ओळींत माणसं असतात.

२०२० साली नेमकं काय झालं ते आधी सांगते. २५ मेला मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला आणि महिनाभरात आमच्या कामातल्या शब्दांवरही बोलणं सुरू झालं. मुख्य डेटाबेस म्हणजे 'मास्टर', त्याची नक्कल ठेवणारा तो 'स्लेव्ह'. पुण्यात शिकताना मी हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. स्लेव्ह म्हणजे गुलाम हे ठाऊक असूनही शब्द कधी कानाला टोचला नव्हता. हे शब्द बदलायला सुरुवात आधीच झाली होती. वेबसाइट बनवायच्या जँगो या साधनाने २०१४ मध्ये ते टाकले, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेने २०१८ मध्ये. २०२० च्या जुलैमध्ये लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणाऱ्या लोकांनी नव्या कोडसाठी दुसरे शब्द सुचवले आणि १ ऑक्टोबरपासून गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपलं कोड ठेवतात त्या साइटवर, नव्या रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) मुख्य ब्रँचचं, म्हणजे मुख्य शाखेचं, नाव 'मास्टर'ऐवजी 'मेन' झालं.

आमच्या टीममध्ये वाद झाला. ब्रँचमधल्या 'मास्टर'चा गुलामीशी संबंध नाही, तो मूळ प्रत या अर्थाने आहे, असं एकाचं म्हणणं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्यात एकच सहकारी कृष्णवर्णीय होता, वयाने सगळ्यांत मोठा. तो मला नंतर म्हणाला, "या शब्दामुळे माझी झोप कधी उडाली नाही. पण तीस वर्षांत कोणी विचारलंही नव्हतं." मला तेवढं पुरेसं होतं. एका दुपारी आम्ही नावं बदलली. दोन बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवायची कामं, अडकले, संध्याकाळपर्यंत सुरळीत झाले. एकाही माणसाची नोंद हलली नाही. आणि आजही ब्रँचच्या जुन्या नावाच्या लिंकवर कोणी गेलं, तर गिटहब त्याला गपचूप नव्या जागी नेऊन सोडतं.

आता दुसरी गोष्ट. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये लिंगाच्या रकान्यात 'एक्स', म्हणजे स्त्री किंवा पुरुष यांपैकी एक नव्हे, असं लिहिलेला पहिला पासपोर्ट दिला. ११ एप्रिल २०२२ पासून तो कोणालाही मागता येऊ लागला, डॉक्टरांचा दाखला लागत नव्हता. २० जानेवारी २०२५ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी आदेशावर सही केली, की सरकार दोनच लिंगं मानेल, तीही न बदलणारी. एक्सचे नवे पासपोर्ट थांबले. हातात असलेले मुदत संपेपर्यंत चालतील, पुढे नाही. बॉस्टनच्या न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये हे अडवलं. ६ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने, खटला चालू असतानाच, सरकारला वाट मोकळी करून दिली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नॅशनल पार्क सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्रीय स्मारकं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने, स्टोनवॉलच्या स्मारकाबद्दलच्या वेबपानावर 'एलजीबीटीक्यू' या शब्दातली 'टी' (ट्रान्सजेंडर) आणि 'क्यू' (क्वीअर) ही अक्षरं काढली. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या ज्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक मागे हटले नाहीत, ते हे ठिकाण. मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा या ट्रान्स कार्यकर्त्यांची नावं तिथून पेटलेल्या समलिंगी हक्कांच्या चळवळीपासून वेगळी काढताच येत नाहीत, आणि पानावरून गेली ती अक्षरं नेमकी त्यांची. पुढच्या रविवारी मी पाथ ट्रेनने क्रिस्टोफर स्ट्रीटला उतरले. बारसमोरच्या छोट्या बागेत चार पांढरे पुतळे आहेत, दोन उभे, दोन बाकावर बसलेले. बसलेल्या एकीच्या मांडीवर कोणीतरी खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं 'टी' ठेवलं होतं. पाऊस लागून कडा फुगल्या होत्या. मी बराच वेळ शेजारी उभी होते.

मला बाबा आठवत होते. ते कऱ्हाडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २०११ च्या जनगणनेत घरोघर फिरले. त्या वर्षी लिंगाच्या रकान्यात पहिल्यांदाच पुरुष १, स्त्री २ यांच्यापुढे इतर ३ आलं. एका घरात तिघी राहायच्या, गाव त्यांना हिजडे म्हणायचं. बाबांनी विचारलं, "काय लिहू?" त्यांतली थोरली म्हणाली, "गुरुजी, तीन म्हणजे आम्हीच ना? मग तीन लिहा, आणि लिहिलेलं दाखवा." बाबांनी फॉर्म तिच्याकडे फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, तिने आकड्यावर बोट ठेवलं. त्या जनगणनेत देशभरात ४,८७,८०३ माणसांची 'इतर' म्हणून नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. तीन वर्षांनी, १५ एप्रिल २०१४ ला, भारताच्या सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली. बाबांनी तो पेपर जपून ठेवला होता.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे ऑफिसात तिकीट, म्हणजे कामाची लेखी मागणी, आलं. एकच ओळ होती, जेंडरच्या रकान्यातून एक्स काढा. मी खाली माझा नेहमीचा प्रश्न टाकला. उत्तर आलं, जन्मदाखल्यावर असेल ते भरा, दाखला नसेल तिथे मोकळं सोडा. मी मोजून पाहिलं, एकेचाळीस ओळी होत्या. स्वतःच्या हाताने फॉर्म भरलेली एकेचाळीस माणसं. त्यांना कोणी विचारणार नव्हतं, कळवणारही नव्हतं. ब्रँचच्या जुन्या नावावरून नव्या नावावर नेणारी वाट आम्ही ठेवली होती. या माणसांना कुठे नेऊन सोडायचं होतं?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. तेव्हा आम्ही आमच्या यंत्रांना दिलेलं नाव मागे घेतलं. आता माणसाने स्वतःबद्दल लिहून दिलेलं खोडलं जातं आहे, आणि खोडणाऱ्याच्या हातात पासपोर्ट आहे. यात फिटंफाट कशी होईल?

मी व्हिसावर आहे, काम नाकारू शकले नाही. पण आधी त्या ओळी वेगळ्या टेबलात, म्हणजे डेटाबेसमधल्या दुसऱ्या तक्त्यात, जशाच्या तशा उतरवल्या, जुना पर्याय, नोंदीची तारीख, सगळं. मग अपडेट चालवलं. स्क्रीनवर नेहमीसारखंच आलं, '४१ रोज अफेक्टेड', म्हणजे एकेचाळीस ओळी बदलल्या. रात्री बाबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "परत लिहिता येईल ना?"

आमच्याकडे अशी तात्पुरती टेबलं तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात. हे एक त्यातून वगळावं असं मी लेखी कळवलं आहे. आज एकविसावा दिवस आहे. मंजुरी आलेली नाही.