मघाच्या मताचं काय?

निवडणुकीच्या प्रशिक्षणात ४९ एमए हा नियम अगदी शेवटी येतो. तोवर निम्म्या गुरुजींचं लक्ष चहाकडं गेलेलं असतं आणि उरलेल्यांचं, आपल्याला कोणतं गाव लागतंय याकडं. शिकवणारेही उरकून टाकतात. मतदार म्हणाला की मी एकाला मत दिलं आणि चिठ्ठीवर दुसराच दिसला, तर त्याच्याकडून लेखी घ्यायचं, उमेदवारांच्या एजंटांसमोर चाचणी मत टाकून घ्यायचं, बरोबर निघालं तर शेरा मारायचा आणि पुढं चालू. वर एक वाक्य हमखास असतंच: "असं कुणी म्हणत नसतंय सर, काळजी करू नका."

कुणी म्हणत नसतं हे खरंही होतं. केंद्राध्यक्ष म्हणून मी बऱ्याच निवडणुका काढल्या, पण ४९ एमएचा कागद पाकिटातून जसा आला तसा परत गेला. २६ एप्रिल २०२४ला मात्र तो बाहेर काढावा लागला.

परभणी लोकसभा मतदारसंघ. उमेदवार ३४, 'नोटा' धरून बटणं ३५. एका बॅलट युनिटवर बसतात १६, म्हणजे मतदान कक्षात तीन बॅलट युनिटं (बीयू) एकाला एक जोडून. त्यांच्या डाव्या हाताला व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापणारं यंत्र. ही मांडणी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तिसऱ्या बीयूवरचं बटण दाबणारा माणूस उजवीकडं बघत असतो आणि त्याची चिठ्ठी उमटते पार डाव्या टोकाला, एका छोट्या खिडकीत. ती तिथं सात सेकंद दिसते, मग कापली जाऊन खालच्या पेटीत पडते, आणि बीप वाजतो. डोळ्याला मोतीबिंदू, बाहेर चाळिशीपार ऊन, आतल्या खोलीत अंधार. सात सेकंदांतले दोन-तीन तर मान वळवण्यातच जातात.

माझी शाळा गोदाकाठची, ड्युटी लागली ती जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या डोंगरपट्ट्यात. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, आदल्या रात्री अंगणात झोप, पहाटे बीएलओच्या, म्हणजे गावात मतदारयादीचं काम बघणाऱ्याच्या, घरून चहा. साडेपाचला मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीचं चाचणी मतदान, सुरू केलं. नियमाप्रमाणं किमान ५० मतं, प्रत्येक बटण एकदा तरी दाबायचं, मग यंत्राचा निकाल आणि चिठ्ठ्या एजंटांसमोर जुळवायच्या. जुळल्या. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. यंत्र शून्यावर आणून दाखवलं, मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारून काळ्या पाकिटात सील केल्या. यंत्रावर विश्वास बसावा म्हणून जे काही करायचं, त्यातलं सगळ्यात मोठं काम हे आहे. आणि ते होतं तेव्हा समोर दोन एजंट, एक जांभया देणारा आणि एक "उरका सर, मला वावरात जायचंय" म्हणणारा. बाकीचे सात वाजल्यावर आले.

दुपारी बारा-साडेबाराला एका एजंटाच्या जागी बदली म्हणून एक पोरगा आला, तो बाहेरून बातमी घेऊनच. सुप्रीम कोर्टानं शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. योगायोग बघा, आमच्याकडं मतदान चालू असतानाच दिल्लीत न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी निकाल दिला होता. एजंटांच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, "मंग चिठ्ठी छापतेत कशाला?" मी आवाज चढवून गप्प केलं. प्रश्न चुकीचा नव्हता, जागा चुकीची होती.

तीनच्या सुमाराला ते आले. सत्तरीच्या पुढचे, धोतर, डोक्यावर रुमाल. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून माल तोलण्यात हयात गेलेले, हे पुढं कळलं. शाई लागली, रजिस्टरवर सही केली, कक्षात गेले. बीप वाजला. पण माणूस बाहेर येईना. मग आवाज आला, "ओ सायेब, हे बराबर नाही झालं."

"काय झालं, मामा?"

"म्या दाबलं एक अन् चिठ्ठीवर आलं दुसरंच. मला तर—"

"नाव सांगू नका!" मी जवळजवळ ओरडलोच. समोर चार एजंट कान टवकारून बसलेले. मामांनी तोंड मिटलं, पण जागचे हलले नाहीत. बाहेर रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मशीन खराब हाय!" असं वाक्य रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागत नाही आणि टोकाला पोचेपर्यंत ते तेच राहत नाही. होमगार्डनं दार लावून घेतलं.

माझ्या दोन नंबरच्या मतदान अधिकारी बाई हळूच म्हणाल्या, "सर, खालचं बटन दाबलं असेल, समजावून पाठवा." बहुतेक वेळा असंच करतात. समजावायचं, म्हणजे म्हाताऱ्याला त्याचीच चूक असल्याचं पटवून द्यायचं. मला ते त्या दिवशी जमण्यासारखं नव्हतं. दुपारची बातमी सगळ्यांनी ऐकली होती.

मी कागद काढला आणि मामांना मोठ्यानं वाचून दाखवला. तुम्ही म्हणता ते खोटं निघालं, तर भारतीय दंड संहितेच्या कलम १७७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हे समजून मी लिहून देतो, असा तो मजकूर.

मामांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्या खोटा निघालो तर मला जेल. अन् मशीन खोटी निघाली तर कुणाला?"

एजंट हसले. मी हसलो नाही, कारण उत्तर मला माहीत होतं: यंत्र चुकीचं निघालं तर केंद्राध्यक्षानं त्या यंत्रावरचं मतदान थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवायचं, एवढंच नियमात आहे. तेवढंच त्यांना सांगितलं.

"म्हंजी मशीनला जेल नाही."

"नाही."

"आना तो कागद."

त्यांनी सही केली. ठसठशीत, मापाड्याची सही.

रजिस्टरमध्ये त्यांच्या नावाची दुसरी नोंद घेतली. एजंटांना कक्षाजवळ बोलावलं. मामांना सांगितलं, आता सगळ्यांसमोर बटण दाबायचं, कोणतंही दाबा, मघाचंच दाबायला पाहिजे असं नाही. हे सांगणं फार गरजेचं, नाहीतर माणूस सगळ्या गावासमोर आपलं खरं मत उघडं करून बसतो. मामांना ते क्षणात कळलं. त्यांनी एजंटांकडं एक नजर टाकली आणि तिसऱ्या बीयूवरच्या एका अपक्षाचं बटण दाबलं. एजंटांची तोंडं पडली. लाल दिवा लागला. या वेळी आम्ही सगळेच डावीकडं बघत होतो. चिठ्ठी आली: तोच क्रमांक, तेच नाव, तेच चिन्ह. पडली. बीप.

"पटलं का, मामा?"

"हे पटलं," ते म्हणाले. "मघाच्या मताचं काय?"

मी निरुत्तर झालो, असं लिहिलं तर कथेत शोभेल. तसं झालं नाही, मी लगेच उत्तर दिलं आणि ते तोकडं होतं. म्हटलं, यंत्र आत्ता बरोबर चाललं, म्हणजे मघाही बरोबरच चाललं असणार. मामा म्हणाले, "असणार. मोंढ्यात असं म्हणून चालत नाही, सायेब. काटा आत्ता बराबर दावला म्हणून मघाचं पोतं बराबर होतं असं कोन म्हणंल? म्हणून तर पट्टी लिहून हातात द्यायची. घरी नेऊन चार मानसाला दाखवता येती."

पट्टी म्हणजे आडत्यानं शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी: वजन, भाव, हमाली, तोलाई. मामांचं म्हणणं, चिठ्ठी हातात द्या. मी म्हटलं, "मामा, चिठ्ठी घरी नेली तर संध्याकाळी ती बघायला कोण येईल?"

ते क्षणभर थांबले. "हां. नोट देनारा बी चिठ्ठी मागंल."

"म्हणूनच ती पेटीत पडते."

"पेटीतली मोजत्यात का मंग?"

आता दुपारची बातमी आमच्या दोघांमध्ये येऊन उभी राहिली. मी सांगितलं ते असं: एका विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठी टाकून निवडतात आणि तिथल्या सगळ्या चिठ्ठ्या हातानं मोजून यंत्राशी ताडतात. २०१९च्या आधी एकच केंद्र होतं, कोर्टानं पाच केली. आणि यंत्राच्या आकड्यात नि चिठ्ठ्यांत फरक निघाला, तर कायदा चिठ्ठ्यांचा आकडा धरतो, यंत्राचा नाही. शेवटचं वाक्य ऐकून एजंटही चमकले. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"पाचात आपलं गाव यील का?"

"विधानसभेत तीनशेच्या वर केंद्रं आहेत, मामा."

ते काही बोलले नाहीत. काठी घेऊन निघाले. दारात वळून म्हणाले, "तुमी मास्तर का?" म्हटलं, हो. "मंग बराबर. दुसरा असता तर हाकलून दिलं असतं, गुरुजी." बाहेर रांगेतल्या लोकांना त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण आरडाओरडा थांबला. मतदान सुरू झालं.

मघाशी नेमकं काय झालं असेल? तिसऱ्या यंत्राकडून मान वळेपर्यंत अर्धी सेकंदं गेली असतील आणि चिन्ह पुसट दिसलं असेल, किंवा ओळ चुकली असेल. माझा अंदाज ओळ चुकल्याचा. पण अंदाजच. चाचणी मतानं सिद्ध होतं ते फक्त चाचणी मत, ही मामांची गोष्ट तर्कानं खोडता येत नाही. पाच केंद्रांच्या पडताळणीचं गणित खोटं नाही. त्याच वर्षी पुढं नोव्हेंबरात विधानसभेला राज्यात २८८ जागांची मिळून १४४० केंद्रं ताडली आणि कुठंही फरक निघाला नाही, असं आयोगानं जाहीर केलं. पण नमुन्याचं गणित पटायला ते आधी शिकावं लागतं, आणि ज्याला पटवायचं तो मापाडी आहे. त्याला त्याचं पोतं दिसायला हवं. निदान दंडाची ती धमकी तरी नियमातून काढा, असं मला वाटतं. तक्रार करणाऱ्याला आधी जेल दाखवायची आणि मग म्हणायचं की तक्रारीच येत नाहीत, हा काय न्याय झाला? आणि आमच्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या निवडणुकीत तर ती सात सेकंदांची खिडकीसुद्धा नसते. तिथं भांडणं जास्त, कागद शून्य.

पाचच्या सुमाराला पोलिसाच्या फोनवर बातमी आली की नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यात एका तरुणानं कुऱ्हाडीनं मतदान यंत्र फोडलं. आमचा होमगार्ड दार सोडून हललाच नाही मग. कक्षातलं यंत्र फोडून मतं जात नाहीत, ती माझ्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटमध्ये असतात, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्यानं "हो सर" म्हटलं आणि दांडकं घट्ट धरलं.

सहाला रांगेतल्या शेवटच्या माणसापासून नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या. मतदान संपलं, क्लोज बटण दाबलं, टोटल घेतली, रजिस्टरशी जुळली. आणि आता ज्या कागदासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो: नमुना १७ सी. या यंत्रात एकूण मतं किती पडली, यंत्राचा क्रमांक काय, सीलचे क्रमांक काय, चाचणी मत किती नि कुणाला, सगळं त्यात. त्याची सही केलेली प्रत प्रत्येक एजंटाला द्यायची असते. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आलं की हा कागद समोर धरायचा, आकडा जुळवायचा, मगच पुढं. गावाला घरी नेता येईल अशी पट्टी कुठली असेल, तर ती ही.

बाकावर एजंट दोनच उरले होते. दिवसभर "मशीन, मशीन" करणारा पोरगा चारलाच लग्नाला गेला होता. एकानं प्रत घेतली, घडी केली आणि तिच्यावरच तंबाखू मळायला घेतली. मी ती त्याच्या हातून काढून दुसरी दिली आणि चांगलंच झापलं. दुसरा म्हणाला, "सर, मोबाइलवर फोटो काढतो, कागद ऱ्हाऊ द्या." त्यालाही कागद घ्यायला लावला, सही घेतली. गेलेल्यांच्या प्रती तशाच राहिल्या.

रात्री तालुक्याच्या ठिकाणी साहित्य जमा करायच्या रांगेत नंबर लागला तेव्हा अकरा वाजून गेले होते. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी यंत्राचे नंबर ताडले, पाकिटं मोजली, १७ सी वर नजर टाकली आणि थबकले. "हे चाचणी मताचं काय लिहिलंय? एक मत? राहू द्यायचं ना सर कोरं, आता मोजणीला ते वजा करत बसावं लागंल." मी म्हटलं, वजा करावंच लागंल, एका अपक्षाला त्याचं नसलेलं मत मिळालंय. मागून लोक ओरडत होते, बस सुटायला आली होती. भाऊसाहेबांनी झोनल अधिकाऱ्यांना हाक मारली. ते आले, रजिस्टर उघडलं, मामांच्या दोन नोंदी बघितल्या, लेखी घेतलेला कागद बघितला. "म्हातारा खरंच सही करायला तयार झाला?" त्यांनी विचारलं.

"आधी मला एक प्रश्न विचारला, मग केली."

त्यांना प्रश्न काय होता ते ऐकायचं होतं. मी पोचपावती मागितली.