साखर नॉर्मल आहे, मग इन्सुलिन कशाला तपासायचं?

‘उपाशीपोटी साखर 96, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.5, पण पोट सुटलंय आणि मानेवर काळपट पट्टा आलाय. इन्सुलिन रेझिस्टन्स आहे का, हे रक्तावरून कळतं का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

कळतं, पण नुसत्या साखरेवरून नाही. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून साखर कित्येक वर्षं ताब्यात ठेवतं. साखर बिघडते ती शेवटी. म्हणून 10-12 तास उपाशी राहून एकाच वेळी साखर आणि इन्सुलिन, दोन्हींसाठी रक्त द्या. दोन आकड्यांचा गुणाकार करून 405 ने भागलं की होमा-आयआर, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स मोजणारा आकडा, मिळतो. ही पद्धत ऑक्सफर्डची, 1985 ची. साखर 96 आणि इन्सुलिन 14 असेल तर 1344 भागिले 405, म्हणजे 3.3. साधारण 2.5 च्या वर गेलं की आम्ही सावध होतो, पण सगळीकडे मान्य अशी एकच रेषा नाही. 405 चालतो तो इन्सुलिन मायक्रोयुनिटमध्ये असेल तरच. रिपोर्टवर पिकोमोल लिहिलं असेल तर इन्सुलिनला आधी 6 ने भागा, नाहीतर उत्तर सहापट येईल आणि उगाच घाबराल.

खरी गफलत होते ती रक्त घेताना. शीर नीट सापडली नाही, नळी जोरात हलवली, की तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम, म्हणजे रक्तातला वरचा पातळ भाग, पिवळसर न दिसता गुलाबी दिसतं. त्या पेशींतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं, आकडा खोटाच कमी येतो. असा नमुना पुन्हा घ्यायलाच हवा. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबला सांगा, काही किटमध्ये (लॅबच्या तपासणी संचात) त्यानेही इन्सुलिन कमी दिसतं. साखरेचं रक्त राखाडी टोपणाच्या फ्लोराइडच्या नळीत हवं. साध्या नळीत ते तसंच पडून राहिलं तर पेशी तासाला 5 ते 7 टक्के साखर खातात.

पैसे मोजकेच असतील तर आधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करा, असंच आम्ही सांगू. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने (चांगल्या कोलेस्टेरॉलने) भागा. 180 आणि 36 असेल तर 5. तीनच्या वरचा आकडा इन्सुलिन रेझिस्टन्सबद्दल बोलका असतो, आणि हा रिपोर्ट बहुतेकांच्या फायलीत आधीच पडलेला असतो.

इन्सुलिनची इंजेक्शनं चालू असतील तर होमा काढू नका, तिथे तो लागूच पडत नाही. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासाल तेव्हा लॅब तीच ठेवा. इन्सुलिनची किटं एकमेकांशी जुळत नाहीत, लॅब बदलली की 14 चे 10 झाले ते तुमच्या चालण्याने की किटमुळे, हे सांगता येत नाही.