‘मुलाला आवडलं नाही’

मे-जून आला की आमच्या काउंटरवर लहान मुलांचे फिशिंग सेट परत यायला लागतात. न्यू जर्सीच्या मध्यभागात, एडिसनच्या आसपास, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मी काम करतो. माल परत घेताना कारण लिहावं लागतं आणि बहुतेक पालक एकच कारण सांगतात: मुलाला आवडलं नाही.

जूनमधल्या एका शनिवारी एक मराठी गृहस्थ असाच सेट घेऊन आले. बरोबर साडेपाच वर्षांचा मुलगा. “त्याला पेशन्सच नाही हो, दहा मिनिटांत कंटाळतो,” ते म्हणाले. ते बोलत होते तेवढा वेळ मुलगा काउंटरवरच्या नमुन्याच्या रीळचं हँडल फिरवत होता. एका लयीत, मान वर न करता. पेशन्स नसलेलं मूल असं वागत नाही. म्हणून पैसे परत करण्याआधी मी तो सेट खोलून बघितला.

काठी अडीच फुटांची, भरीव फायबरग्लासची, टोकापर्यंत जवळपास सारखीच जाड. तळहाताएवढ्या ब्लूगिलने, म्हणजे इथल्या तळ्यांतल्या लहान माशाने, ओढलं तर अशा काठीचं टोक हलत नाही आणि मुलाच्या हाताला काही कळत नाही. रीळ बंद तोंडाचं, मागे अंगठ्याने दाबायचं बटण असलेलं. हा प्रकार मुळात चांगला. टल्साच्या झेब्को कंपनीचं पहिलं रीळ १९४९ मध्ये आलं आणि १९५४ सालचं त्यांचं ‘३३’ नावाचं रीळ आजही विकलं जातं. पण या सेटमधल्या रीळावर १० पौंडी, म्हणजे तेवढ्या ओढीपर्यंत टिकणारी, लाइन भरलेली होती. एवढ्या लहान स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकतीवर, जाड लाइन महिनोन् महिने गुंडाळून राहिली की तिला वळण बसतं, ती सुटताना वेटोळी होऊनच बाहेर येते आणि छिद्राशी अडकते. पुढचं झाकण फिरवून काढलं तर स्पूलच्या मागे, दांड्याभोवती लाइनीचे वेढे पडलेले. लाइन सैल असताना मूल हँडल फिरवत राहिलं की हे होतंच.

टोकाशी दोन इंची लाल-पांढरा बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, आणि दोन नंबरचा गळ. गळांचा हिशोब उलटा असतो, नंबर वाढेल तसा गळ लहान. ब्लूगिल किंवा पम्पकिनसीडचं तोंड चिमुकलं, त्यांना आठ किंवा दहा नंबर लागतो. हे मासे आमिष चावत नाहीत, पाण्यासकट आत ओढतात आणि जड काही जाणवलं की लगेच थुंकतात. दोन इंची बॉबर पाण्याखाली न्यायला जो जोर लागतो तो त्यांना नक्की जाणवतो. मुलाला काय दिसतं? बॉबर थरथरतो, बाबा म्हणतात ओढ, ओढलं की गळ रिकामा. गांडूळ मात्र गेलेलं. असं चारदा झालं की कोणीही उठून जाईल.

मी पावतीवर लिहिलं: लाइन जाड, गळ मोठा, बॉबर मोठा. हे कुणी वाचत नाही. आमच्याच दुकानात हे सेट दाराशी, मुलाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेले असतात, कारण त्यांच्यावर चित्रं आहेत. मासा धरून देणाऱ्या काठ्या मागच्या भिंतीवर, वरच्या रांगेत. मी हे बोललो आहे, पण मांडणी बदललेली नाही.

गृहस्थांचं बजेट बापलेक मिळून साठ-सत्तर डॉलरचं होतं. पॅनफिशसाठी, म्हणजे ब्लूगिलसारख्या लहान माशांसाठी, ते पुरतं.

मुलासाठी मी दहा फुटी टेलिस्कोपिक काठी काढली. रीळ नाही, कड्या नाहीत, लाइन थेट टोकाला बांधायची. किंमत पंधरा डॉलरच्या आसपास. चार पौंडी साधी मोनोफिलामेंट लाइन नऊ फूट, म्हणजे काठीपेक्षा फूटभर कमी. काठी उभी केली की मासा झोका घेत मुलाच्या छातीपाशी येतो. लाइन काठीपेक्षा लांब ठेवली तर तो नीट हातात येत नाही. चार पौंडी म्हटल्यावर गृहस्थ बिचकले, तुटेल की म्हणाले. ब्लूगिलचा जागतिक विक्रम ४ पौंड १२ औंसांचा आहे, अलाबामातल्या केटोना लेकमधला, १९५० सालचा. आपल्या तळ्यातला सहा इंची ब्लूगिल त्याच्या जवळपासही जात नाही.

बॉबरऐवजी तीन इंची बारीक पेन्सिल फ्लोट. गळापासून दोन फुटांवर फ्लोट, आणि गळाच्या सहा इंच वर लाइनीवर दाबून बसवायचे बीबी मापाचे दोन वजनाचे मणी, एकेक ०.४ ग्रॅमचा. मणी इतके लावायचे की फ्लोटचं जेमतेम अर्धा इंच टोक पाण्यावर राहील. पॅनफिशमध्ये सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीने पडतो आणि सगळ्यात कमी लोक ती करतात. दुकानात बादलीत पाणी घेऊन मी तो फ्लोट तोलून दाखवला: एक मणी लावला तर दीड इंच वर, दुसऱ्याने बरोबर. मुलाने बोटाच्या नखाने दोरा खाली ओढला तर टोक लगेच बुडालं. तो खेळ त्याने बराच वेळ केला.

मणी टिनचे घ्या, शिशाचे नको. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये अर्ध्या औंसापर्यंतची शिशाची वजनं विकायला २००४ पासून बंदी आहे. ती पक्ष्यांसाठी आहे, पण आपल्याकडे मणी दाताने दाबायची सवय असते आणि मूल बघून तेच करतं.

गळ दहा नंबरचा, लांब दांड्याचा, बारीक तारेचा. दांडा लांब असला की गिळलेला गळही चिमट्यात धरता येतो. गळाचा उलटा काटा नोकदार पक्कडीने चेपून सपाट करायचा. मासे थोडे जास्त सुटतात, पण गळ मुलाच्या बोटात किंवा कानात गेला तर तो सरळ मागे निघतो. गाठ क्लिंच, पाच वेढे, थुंकी लावून सावकाश आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाने लाइन तिथेच कमजोर होते आणि लोक लाइनीला दोष देतात.

वडिलांसाठी पाच फुटी अल्ट्रालाइट काठी, २ ते ६ पौंड लाइन आणि १/३२ ते १/४ औंस वजन असं दांड्यावर छापलेली, बरोबर १००० मापाचं स्पिनिंग रीळ, म्हणजे उघड्या स्पूलचं. जोडी चाळीसच्या आत बसली. स्पूलवर लाइन भरताना कडेपासून तीन मिलिमीटर जागा सोडायची. काठोकाठ भरली तर फेकताना वेढ्यांचा गुच्छच बाहेर येतो, कमी भरली तर १/३२ औंसाचा जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला गळ, दहा फुटांपलीकडे जात नाही. फेकून झाल्यावर तारेचा कमानदार बेल हाताने बंद करायचा. हँडल फिरवून बंद केला तर वेढा सैल बसतो आणि पुढच्या फेकीला गाठ येते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन सरकू देणारा रीळचा ब्रेक, लाइनीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवायचा, चार पौंडी लाइनला पौंडभर. घरी ते मोजायला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली लाइनीला बांधा, काठीचं टोक बाटलीकडे रोखून उचला. लाइन हळूच सरकायला लागली की ड्रॅग बरोबर.

लायसन्सचं मी दोनदा सांगितलं. सोळा वर्षांखालच्या मुलाला लागत नाही, पण बाबांनी स्वतः काठी धरली की लागतं. ट्राउट धरायचे नसतील तर ट्राउटचा वेगळा स्टँप घ्यायची गरज नाही.

माझी ड्यूटी संपल्यावर संध्याकाळी मी त्यांना एडिसनच्या रूझवेल्ट पार्कच्या तळ्यावर भेटलो. जूनमध्ये काठाजवळ दोन-तीन फूट पाण्यात तळावर फिकट गोल खळगे दिसतात. ती नरांनी शेपटीने झाडून केलेली घरटी. नर अंड्यांवर पहारा देतो आणि जवळ येईल त्याच्यावर धावतो, त्यामुळे मिळतो पटकन, पण त्याला लगेच त्याच जागी सोडायचं. आम्ही घरट्यांपासून बाजूला, पाण्यावर ओणवलेल्या झाडाच्या सावलीत बसलो. गवतात टिक, म्हणजे गोचीड, असतात, म्हणून मुलाची पँट मोज्यात खोचली. डोळ्यांवर गॉगल, अंगात लाइफ जॅकेट.

गांडुळाचा अर्धा इंच तुकडा. शेपूट लोंबत ठेवायचं नाही, मासा तेवढंच तोडून नेतो. फ्लोट उभा राहिला, मग बुडाला नाही, आडवा सरकत गेला. बहुतेक लोक बुडायची वाट बघतात, पण ब्लूगिल आमिष घेऊन चालायला लागला तरी तेच समजायचं. मी म्हटलं, “काठी वर कर, हळू.” पम्पकिनसीड आला. कल्ल्याच्या काळ्या टिपक्याला नारिंगी काठ, गालावर निळ्या रेघा, पोट पिवळंधमक. मुलाचा हात ओला करून घेतला आणि पाठीचा काटेरी पंख डोक्याकडून शेपटीकडे कसा चेपायचा ते दाखवलं. उलट हात फिरवला की काटे घुसतात, एकदा घुसले की मूल पुन्हा मासा धरत नाही.

नंतर मासे येत राहिले. पण दर वेळी फ्लोट सरकला की गृहस्थ मुलाच्या हातातून काठी घ्यायचे. ते कोकणातले; लहानपणी खडकावरून तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टाकून गरवलेलं, त्यामुळे हाताला जोरात हिसका द्यायची सवय. इथे त्या हिसक्याने ओठ फाटतो, क्रॅपी या माशाचा तर कागदासारखा. काठी काढून घ्यायची सवय मात्र कोकणाची नाही, ती मी सगळ्या देशांच्या वडिलांत पाहतो. मुलाचा मासा सुटला तर सुटू द्यायला त्यांना जमत नाही.

आणि मग ज्याचा मी अजून विचार करतोय ते झालं. मासे मिळत असताना मुलाने काठी गवतात ठेवली आणि वडिलांच्या रीळपाशी जाऊन म्हणाला, “मला हे फिरवायचंय.”

पाच-सहा वर्षांच्या मुलाला रीळ नको, आधी बिनरीळची काठी, असं मी काउंटरवर कायम सांगतो. कारणं खरी आहेत. स्पिनिंग रीळ फेकताना तर्जनीने लाइन अडवून बेल उघडायचा असतो. त्या मुलाची तर्जनी १००० मापाच्या स्पूलपर्यंत पोचतच नव्हती. ही चाचणी दुकानातच करता येते, बोट पोचत नाही तोवर स्पिनिंग रीळ घेऊ नका. शिवाय मासा ओढत असताना, ड्रॅग सरकत असताना हँडल फिरवत राहिलं तर लाइन गुंडाळली जात नाही, नुसता पीळ बसतो: ५:१ गतीच्या रीळवर प्रत्येक फेरीला पाच पीळ. मूल नेमकं तेव्हाच जोरात फिरवतं. बटणवाल्या रीळातही तेच. चार पौंडी लाइनचं लहान बटणवालं रीळ साडेचार-पाच फुटी काठीवर लावलं तर बरंचसं निभावतं, पण पीळ बसतोच, आणि या बजेटमध्ये तिसरी काठी येत नाही.

पण दुकानात तो मुलगा ज्यात रमला होता ते हँडल होतं, मासा नव्हे. मी त्याला मासे मिळवून दिले आणि त्याच्या आवडीची गोष्ट बाजूला काढली.

त्या संध्याकाळी आम्ही असं केलं: वडिलांनी जिग आणि फ्लोट फेकायचा, बेल हाताने बंद करायचा, आणि काठी मुलाकडे द्यायची. हँडल काढून उजवीकडे लावलं, कारण तो उजव्या हाताने फिरवत होता. तीन फेऱ्या, थांबा, तीन फेऱ्या. ड्रॅग सरकल्याचा करकर आवाज आला की हात थांबव, एवढा एकच नियम. थांबण्यातच जिग खाली जातो आणि मासा लागतो, त्यामुळे नियम त्याला शिकवावा लागला नाही. करकर आवाजाची तो वाटच बघायचा.

यात अडचण एकच: वडिलांकडे स्वतःची काठी उरत नाही. मुलाची बिनरीळची काठी घेऊन ते शेजारी बसू शकतात, बसायलाही हवं. ग्राहकांना आता मी हेच सुचवतो, एक बिनरीळची आणि एक अल्ट्रालाइट, पण दोन्ही दोघांच्या. काही वडील हे ऐकून घेतात आणि दारातून बाहेर पडताना अल्ट्रालाइट स्वतःच्या खांद्यावर टाकतात. त्या गृहस्थांनी उजेड असेपर्यंत तरी फेकून मुलाच्या हातात दिली. मध्ये दोनदा परत मागितली, मुलाने दिली नाही.