लाईट कधी गेली?

नागपुरात धरमपेठेच्या एका आतल्या गल्लीत बर्गरचं एक जुनं दुकान आहे. मॅक्डॉनल्ड्स भारतात १९९६ साली आलं, तेही आधी दिल्ली-मुंबईत. हे दुकान त्याच्या कितीतरी आधीपासून तव्यावर लोण्यात बन शेकून आत आलूची टिक्की घालून देतंय. आताचे मालक म्हणजे पहिल्या मालकांचा मुलगा. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना काका म्हणतात. एलआयटीत, म्हणजे इथल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, फूड टेक्नॉलॉजी शिकत असताना आम्ही मैत्रिणी अमरावती रोडवरून इथवर चालत यायचो. तेव्हा आवडायची ती इथली हिरवी चटणी. सांभार (म्हणजे कोथिंबीर), मिरची आणि लिंबू वाटून ती मेयोनीजमध्ये कालवतात. बनच्या खालच्या अर्ध्या भागावर ती अशी पसरतात, की प्रत्येक घासाला लागते आणि बाहेर मात्र ओघळत नाही.

आता माझं काम हॉटेलं, बेकऱ्या, कॅन्टीनं तपासायचं आहे. मी सरकारी अधिकारी नाही. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्याच्या हायजीन रेटिंगसाठी, म्हणजे स्वच्छतेच्या मानांकनासाठी, ज्या संस्था नेमलेल्या असतात, त्यातल्या एकीसाठी मी ऑडिट करते. हे रेटिंग ऐच्छिक आहे, दुकानदार स्वतःहून अर्ज करतो. काकांनी केला होता. मी पूर्वी इथली गिऱ्हाईक होते हे मी कार्यालयात आधीच सांगितलं होतं. तरी चालेल म्हणाले, म्हणून मेमधल्या एका शनिवारी भर दुपारी मी तिथे पोचले.

नागपूरचा मे म्हणजे काय हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्या शनिवारी एवढं नव्हतं, पण रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. दुकानात शिरले तर पंखे फिरत होते, दिवे लागलेले होते, आणि तरीही काहीतरी वेगळं वाटत होतं. फ्रीजची घरघर नव्हती. लाईट गेलेली होती. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात. फ्रीज, डीप फ्रीझर चालत नाहीत. काका काटोलला लग्नाला गेले होते, संध्याकाळी येणार होते. दुकान त्यांच्या कारागिराच्या हवाली. हा भंडाऱ्याकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. हाताखाली दोन पोरं, त्यातलं एक अगदी नवीन.

"मॅडम, तपासणी आजच होते का? लाईट नाही जी," एवढंच तो म्हणाला.

आजच होते, म्हटलं. खरं तर लाईट नसताना स्वयंपाकघर जसं दिसतं, तसं ते एरवी कधीच दिसत नाही.

पहिला तास नेहमीचा गेला. बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून तो शून्य दाखवतो का ते पाहिलं. परवाना भिंतीवर होता, चौदा आकडी क्रमांकासह. शेजारी महापालिकेचा एक पिवळा पडलेला जुना परवानाही फ्रेम करून लावलेला, २०११ च्या ऑगस्टमध्ये नवा अन्न सुरक्षा कायदा लागू होण्याआधीच्या काळातला. कढईतल्या तेलात मीटर घातला तर पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणारे खराब घटक, २२ टक्के आले. मर्यादा २५ ची आहे. म्हणजे तेल चालण्यासारखं होतं, पण दुकानात मोजायचं साधन नव्हतं, नुसत्या रंगावर अंदाज. तेल गडद दिसलं म्हणून खराब आणि फिकं दिसलं म्हणून चांगलं, असं काही नसतं; म्हणून मी तिथे गुण कापले. मोरीच्या जाळीचा एक कोपरा तुटलेला होता, तिथून झुरळं येणारच. नवीन पोराचं वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हतं. बेकरीतून बनचे ट्रे स्कूटरवर उघडे येतात, वर नुसतं वर्तमानपत्र. हे सगळं मी लिहिलं. कारागीर काही बोलला नाही, फक्त जाळीचा कोपरा खाली वाकून नीट बघून आला.

फ्रीजशेजारी एक शाळकरी पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूने लिहिलेलं: "१२.१०". बाकी काही नाही. मला वाटलं, कुणाची तरी ऑर्डर असेल.

इथली टिक्की रोज सकाळी ताजी बनते, गोठवलेली नसते. हे दुकानाच्या नावलौकिकाचं मोठं कारण आहे आणि लाईट गेली की दुकानाची सगळ्यात कमजोर जागाही हीच. काठोकाठ भरलेला, बंद ठेवलेला डीप फ्रीझर लाईटशिवाय दोन दिवस थंडी धरून ठेवतो. साधा फ्रीज चार तास, तोही दार उघडलं नाही तर. टिक्क्या होत्या काचेच्या दाराच्या कूलरमध्ये, आणि शनिवारच्या जेवणाच्या वेळेत ते दार सतत उघडत होतं. स्वयंपाकघरात तव्यापाशी मी मोजलं तेव्हा ४१ अंश होते. उकडलेला आलू म्हणजे ओला, आंबटपणा नसलेला पदार्थ, त्यात सकाळी कुस्करताना, वळताना माणसांचे हात लागलेले. तो पाच अंशांच्या खाली राहायला हवा, नाहीतर साठच्या वर. मधला सगळा टापू जंतूंचा.

मी थर्मामीटर घेऊन कूलरकडे वळले, तेवढ्यात कारागिराने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने तवा मंद केला, कूलर उघडला आणि टिक्क्यांचे ट्रे एकामागून एक बाहेर काढायला लागला. दोनशेच्या आसपास टिक्क्या असतील. शनिवारची संध्याकाळ त्यांच्यावरच निघणार होती. मी एका टिक्कीच्या मध्यात थर्मामीटर खुपसला. १७ अंश.

मी काही सांगितलं नव्हतं. ऑडिटरने मध्ये पडून सल्ला द्यायचा नसतो, जे घडतं ते बघायचं आणि लिहायचं. मी नुसती उभी होते.

नवीन पोरगं घाबरलं. "दादा, तळल्यावर सगळं मरते ना?"

हा प्रश्न मी किती स्वयंपाकघरांत ऐकलाय! आणि तो वेडगळ नाही, अर्धा बरोबर आहे. तळताना जंतू मरतात. पण बॅसिलस सीरियस नावाचा जंतू आलू, भात यांत नेहमी सापडतो. त्याचे बीजाणू उकडण्यातून जिवंत सुटतात, पदार्थ कोमट राहिला की वाढायला लागतात, आणि वाढताना उलट्या करवणारं एक विष तयार करतात. ते विष तळून जात नाही, उकळूनही जात नाही. हातावरून येणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जंतूच्या विषाचंही तसंच. टिक्की वरून खरपूस, आतून वाफाळती, चवीला उत्तम, आणि तीन-चार तासांनी घरी कुणाचं तरी लेकरू ओकत असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवू नका. आपल्या मेमधल्या दुपारी दोन तास ही सवलतच म्हणायची.

कारागिराला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मरत असंल नाहीतर नसंल. दोन तास झाले. आण ती बादली."

"गाईला टाकू का मग?"

"नाही. गाय काय वेगळी हाय?"

टिक्क्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या आणि त्याने वरून पाणी ओतून फावड्याने त्यांचा लगदा केला, म्हणजे कुणी उचलून खाऊ नये. दूध गेलं, उकडलेले मक्याचे दाणे गेले. मेयोनीज ठेवलं, लोणी ठेवलं. हेही बरोबर होतं, कारण बाजारचं बिनअंड्याचं मेयोनीज आंबट असतं, त्यात हे जंतू सहज वाढत नाहीत. पण आदल्या दिवशीची चटणी घातलेलं मेयोनीजचं भांडं त्याने रिकामं केलं. का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "चटणीत पाणी असते जी."

मला राहवलं नाही. "मालकांना फोन नाही केला?"

तो खरंच गोंधळला. "त्यात विचाराचं काय आहे? पाटी हाय ना."

मग कळलं. लाईट गेली की जो कुणी फ्रीजच्या जवळ असेल त्याने पाटीवर वेळ लिहायची. दोन तासांत लाईट आली नाही तर आलूचं आणि दुधाचं जे असेल ते फेकायचं, आणि तव्यावर जो उभा असेल त्याने फेकायचं. कुणालाही विचारायचं नाही. काकांच्या वडिलांनी ही पद्धत घातली. त्यांच्या वेळी एकदा ओळखीच्या घरातलं एक पोर आजारी पडलं होतं. दुकानाच्याच खाण्याने पडलं, असं कुणी सिद्ध केलं नव्हतं. त्यांनी मात्र तेव्हापासून पाटी टांगली.

मी आजवर मोठमोठ्या स्वयंपाकघरांत गेले आहे. तिथे लॅमिनेट केलेले तक्ते असतात, तापमानाच्या वह्या असतात, दर दोन तासांनी आकडा भरलेला असतो, आणि कधी कधी संध्याकाळी सहाचा आकडा दुपारी चारलाच भरलेला सापडतो. फेकायचा निर्णय मात्र व्यवस्थापकाचा. तो असतो बैठकीत, नाहीतर त्याचा फोन लागत नाही. तोवर मालाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्या गल्लीतल्या पगारी माणसाने शनिवारच्या दुपारी मालकाचा एवढा माल स्वतःच्या अधिकारात फेकला, आणि त्याचा हात एकदाही थबकला नाही. माझ्या नोकरीत मी पाहिलेली ही सगळ्यात धीराची गोष्ट आहे. तो धीर त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याला ओरडा बसणार नाही ही खात्री कुणीतरी वर्षानुवर्षं राखली होती.

पुढचं काम त्याने लगेच सुरू केलं. मागच्या खोलीत आलूचं पोतं जमिनीवर पसरून ठेवलेलं होतं. कळमन्याच्या घाऊक बाजारातून येणारा या दिवसांतला आलू बहुतेक कोल्ड स्टोरेजचा असतो. थंडीत आलूतल्या स्टार्चची साखर होते, मग टिक्की तेलात पडताच करपट लाल होते आणि आत गार राहते. म्हणून इथे आलू आठ-दहा दिवस बाहेर पसरून ठेवतात, साखर उतरते. कारागीर म्हणाला, "आता गोडी गेली त्याची," आणि दोन मोठी पातेली गॅसवर चढवली.

लाईट चारनंतर आली. काका साडेपाचला, लग्नाच्या कपड्यांतच. रिकामा कूलर पाहून त्यांनी एकच विचारलं, "लाईट कधी गेली?"

"बारा दहाला."

काकांनी पाटी पुसली, बाह्या वर केल्या आणि सोलायला बसले. मला म्हणाले, "मॅडम, बसा, पाणी घ्या." बाकी तपासणीचं काय झालं, गुण किती, एक शब्द नाही.

सहानंतर गिऱ्हाईक यायला लागलं. कारागीर प्रत्येकाला सांगत होता, टिक्की आता बनून राहिली, पाऊण तास लागंल, घाई असंल तर काकडी-टमाटरचं सँडविच देतो. काही पोट्टे निघून गेले. एक कुटुंब बसून राहिलं, आजी-आजोबांसकट. आजोबांनी पेपर उघडला. कारण कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

ऑडिट करताना तिथलं काही खायचं नाही हा आमचा नियम आहे. साडेसातला मी कागद बंद केले, कारागिराची आणि काकांची सही घेतली, बॅग गाडीच्या डिक्कीत ठेवली आणि परत आत येऊन गल्ल्यावर पैसे देऊन एक बर्गर मागितला. स्टीलच्या ताटलीत कागदावर आला. तीळ लावलेला बन, कडा लोण्याने कुरकुरीत, आत पातळ चिरलेली पत्ताकोबी, कांदा, टमाटर, नवीन वाटलेली चटणी. टिक्की इतकी गरम की पहिला घास तोंडात फिरवावा लागला. आलूत वाटाणा आणि थोडं आलं होतं. ती तुटत नव्हती आणि चिवटही नव्हती, जे घाईने थंड केलेल्या आलूत साधणं अवघड असतं. काका समोर येऊन उभे राहिले. "बेटा, टिक्की जरा नरम झाली का? एरवी रात्रभर ठेवतो आम्ही आलू." मी म्हटलं, थोडी नरम आहे. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं.

अहवालाच्या नमुन्यात पाटीसाठी रकाना नाही. शेरा लिहायच्या जागेत मी सगळा प्रकार लिहिला, वेळा आणि तापमानासकट, आणि पाटीचा फोटो जोडला. तेल, जाळी, बनचे ट्रे आणि प्रमाणपत्र यांचे कापलेले गुण कापलेलेच राहिले. जाळी दुसऱ्याच दिवशी बदलली, फोटो आला. ट्रेंना झाकणं आली. तेलाचा मीटर काकांनी मागवला आहे, आकडा कुठे लिहायचा असं त्यांनी फोनवर विचारलं, मी वही करा म्हटलं, तर म्हणाले, "दुसरी पाटी टांगतो." नवीन पोराचं मेडिकल अजून बाकी आहे. त्याच्यासाठी मला पुन्हा जावं लागेल, आणि या वेळी मी संध्याकाळी जाणार आहे, रात्रभर ठेवलेल्या आलूची टिक्की असेल तेव्हा.